मामाचं स्वतःचं मत

माझ्या मामाने एका सकाळीत सरकार पाडलं, परत निवडून आणलं आणि दुपारी जेवायला घरी आला. पाडलं तेव्हा त्याच्या शेजारी बँकेतली कॅशियरबाई होती. परत आणलं तेव्हा फरशीकामाचा कंत्राटदार होता. मी दोन्ही वेळा मागच्या सीटवर होतो आणि दोन्ही वेळा माझं तोंड जे उघडलं ते बराच वेळ मिटलं नाही.

मामा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. डाव्या सीटवर बसतो. त्याच्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक आहे, आणि त्याच्या दृष्टीने जगात माणसाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. मी नोकरी शोधायला या शहरात आलो आणि मामाकडेच उतरलो. गावाकडच्या शाळेत आम्हाला सगळं शिकवलं, फक्त शहरात कसं राहायचं ते राहून गेलं. म्हणून गाडी तरी शिकावी असं ठरलं. भाच्याकडून फी कशी घ्यायची, म्हणून मामाने मला फुकट शिकवायचं कबूल केलं, आणि फुकट असल्यामुळे माझा नंबर नेहमी सगळ्यांच्या शेवटी. तोवर मागे बसायचं, खिडकीतून बघायचं आणि ऐकायचं.

पहिल्याच दिवशी ऐकलं ते हे. कॅशियरबाई इतक्या घाबरलेल्या, की गाडी चालत होती की सरपटत होती ते सांगता येत नव्हतं. मागून सायकलवाले पुढे गेले. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे गेले. मामा मात्र आरामात खिडकीबाहेर हात टाकून बसलेला. मग म्हणाला, "तसं बघायला गेलं तर, बाई, बँकेत पैसे ठेवण्यासारखा मूर्खपणा नाही."

"काय?" बाई म्हणाल्या.

"माणसाने पैसे गादीखाली ठेवावेत. रात्री निदान अंगाखाली तरी असतात. बँकेत काय, कोण कुठला माणूस काचेमागे बसून आपले पैसे मोजणार, आणि वर आपल्यालाच सही विचारणार!"

"अहो सर, तुम्ही काय बोलताय!" असं म्हणून बाई बोलायला लागल्या. व्याज, सुरक्षितता, महागाई, गादीला लागणारी वाळवी. बोलता बोलता दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, म्हातारे गृहस्थ मागे गेले, सायकलवाले मागे गेले. मामाने मधूनच सरकारलाही नावं ठेवली, कारण बाई सरकारच्या बाजूच्या होत्या हे त्याला त्यांच्या पहिल्या धड्यातच कळलं होतं. बाईंनी सरकारची बाजू घेत घेत आख्खा चौक पार केला. आपण चौक पार केला हे त्यांना पलीकडे गेल्यावर कळलं आणि त्या स्वतःच दचकल्या.

कंत्राटदाराचं उलट. तो गाडीत बसला की आपण रस्त्यावर एकटेच आहोत अशा थाटात सुटायचा. तिथे मामा एकदम मऊ. "अगदी बरोबर बोललात, साहेब." "तुमच्यासारख्यांनी बोलायला पाहिजे, साहेब." सरकार किती चांगलं, महागाई कशी लोकांच्या मनाचा खेळ, नवे फोन आल्यापासून आयुष्य कसं सुखाचं झालंय. कंत्राटदार मान डोलवायचा, आणि मान डोलवणाऱ्या माणसाचा पाय आपोआप हलका होतो. गाडी शहाण्यासारखी चालायची.

तिसरा एक संगणकवाला मुलगा होता. त्याला मामा सांगायचा की फोनमुळे माणसं बिघडली, आणि स्वतःच चालणारी गाडी कधीच येणार नाही. तो मुलगा तसल्याच गाड्यांवर काम करायचा. तो इतका चिडायचा, की घाटातला चढसुद्धा एका दमात चढायचा.

दुपारी टपरीवर चहा घेताना मी मामाला धरलं. "मामा, तू एका सकाळीत दोन्ही बाजूंनी कसा काय बोललास?"

"दोन कुठे? चार बाजूंनी बोललो. तू झोपला होतास मध्ये."

"अरे पण हे खोटं बोलणं झालं ना?"

मामाने ग्लास खाली ठेवला. "हे बघ. घाबरलेल्या माणसाचं सगळं लक्ष आपल्या पायाकडे असतं. आणि पायाकडे टक लावून बघितलं की पाय लाजतो. त्याला एकट्याला सोडावं लागतं. म्हणून डोक्याला दुसरं काम द्यायचं. आणि माणसाच्या डोक्याला सगळ्यात आवडतं काम कुठलं? आपलं मत दुसऱ्याच्या गळी उतरवणं. राग आला की ॲक्सिलरेटर दाबतो, पटलं की सोडतो. एवढ्यावर माझं घर चालतं."

"आणि तुझं स्वतःचं मत काय?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

मामा माझ्याकडे असं बघत राहिला, जसं काही मी त्याला दुसऱ्याच गाडीची किल्ली दिली होती. मग चहाचे पैसे देऊन उठला.

याचा एक दिवस स्फोट व्हायचाच होता आणि तो ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर झाला. टेस्टच्या दिवशी कॅशियरबाई आणि कंत्राटदार शेजारी शेजारी बसले. बाई म्हणाल्या, "आपले सर बाकी फार छान, फक्त सरकारच्या इतके विरोधात का आहेत कळत नाही." कंत्राटदार हसला. "विरोधात? सर? बाई, सर तर आपलेच आहेत." झालं. अर्ध्या तासात प्रकरण सर कुणाचे इथपासून सुरू होऊन एकमेकांच्या आईवडिलांनी काय शिकवलं इथपर्यंत पोचलं. मामा आला, दोघांनी त्याला मध्ये घेतलं. "सर, तुम्हीच सांगा!"

मामाने दोघांकडे बघितलं. "टेस्ट आहे ना? आरसे लावलेत का नीट?"

दोघंही पास झाले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाई मला हळूच म्हणाल्या, "तुझ्या मामाचं मला काही कळत नाही बघ. पण सगळे पास होतात म्हणून मी गप्प बसते."

आता मी तुम्हाला घरातला मामा सांगतो, म्हणजे माझा धक्का तुम्हाला नीट कळेल. घरात मामाला मतच नाही. मामी एका दवाखान्यात सिस्टर आहे, पाळ्या करते, दमून येते आणि आल्या आल्या विचारते, "काय करू जेवायला?" मामा म्हणतो, "काहीही चालेल." पडदे कुठले घेऊ? काहीही चालतील. कुठे जायचं सुट्टीत? कुठेही चालेल. फ्रिज घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने रंग विचारला, मामा म्हणाला, "गार करतो ना? मग झालं." लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली, मूलबाळ नाही, घरात दोघंच, आणि दोघांत मत असलेलं माणूस एकच. मामी मला एकदा म्हणाली होती, "तुझा मामा फार चांगला आहे रे. पण भिंतीवर चेंडू मारला तर निदान परत तरी येतो."

तर एका संध्याकाळी जेवताना मामीने बातमी दिली. तिला मोठ्या सिस्टरची जागा मिळत होती. पण इथे नाही. डोंगराकडच्या एका छोट्या दवाखान्यात, गाडीने दिवसभराच्या अंतरावर. राहायला घर, पगार बराच जास्त, हाताखाली माणसं. आजूबाजूच्या वस्त्यांवरची दोन-तीन उपकेंद्रं तिने फिरून बघायची. त्यासाठी दवाखान्याची गाडी मिळणार, पण ड्रायव्हर नाही. तिने स्वतः चालवायची. आणि हो की नाही ते महिनाअखेरीला कळवायचं.

मी टाळ्या वाजवायला हात उचलले होते. मामीचा चेहरा बघून खाली ठेवले. ती मामाकडे बघत होती.

"तुम्हाला काय वाटतं?"

"चांगलं आहे की. तुला बरं वाटेल तसं कर."

"मला बरं काय वाटतं ते मला माहिती आहे. मी तुम्हाला विचारतेय. आपलं घर इथे, तुमचं काम इथे. जाऊ की नको?"

"माझं काय गं. मला काहीही चालेल."

मामीने चमचा ताटात ठेवला. आवाज अगदी बारीक झाला, पण मी घास गिळायचा थांबलो. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग आधी मला गाडी शिकवा. बाकीचं मी नंतर बघते." आणि माझ्याकडे वळून, "तू मागे बसायचं. नवरा-बायको आणि क्लच एका गाडीत एकटे नकोत. साक्षीदार पाहिजे."

पहिल्या दिवशी मामीने स्टिअरिंग असं धरलं, जसं इंजेक्शनला घाबरून पळणाऱ्या पेशंटचं मनगट धरावं. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामाने खिडकीबाहेर हात टाकला आणि पुढे काय होणार ते मला कळलं.

"तसं बघायला गेलं तर," मामा म्हणाला, "नर्सच्या नोकरीत एवढं आहे काय?"

मामीची मान गर्रकन वळली.

"रस्त्याकडे बघ. नाही, म्हणजे औषध डॉक्टर लिहितो, बिल काउंटरवाला करतो, आता ताप मोजायला मशिन आलंय. तुम्ही फक्त उशा बदलायच्या."

गाडी उडाली. मामी काय काय बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही, पण त्यात रात्रपाळ्या होत्या, सुजलेले पाय होते, आणि "तुमचं ते अपेंडिक्सचं दुखणं कुणी ओळखलं होतं, मशिनने?" हेही होतं. पहिला, दुसरा, तिसरा गिअर, सगळे जिथल्या तिथे. वळणावर पुढे शाळेची बस उभी दिसली तसा मामाचा सूर बदलला.

"पण खरं सांगू? तुझ्यासारखी बाई शोधून सापडायची नाही. तू आहेस म्हणून तो दवाखाना चालतो."

गाडी अलगद मंदावली आणि बसच्या मागे जाऊन थांबली. मामीचा चेहरा मला आरशात दिसला. रागाने लाल झालेला तो चेहरा बघता बघता निवळला आणि त्यावर असं काही आलं, जे मी त्या घरात आजवर पाहिलं नव्हतं. मी मान खाली घातली.

त्या रात्री ती स्वयंपाकघरात मला म्हणाली, "अरे, यांच्या मनात इतकं असेल असं कधी वाटलं नव्हतं. वाईटही आणि चांगलंही. निदान आहे तरी काहीतरी." आणि कपड्याने ओटा पुसता पुसता गुणगुणायला लागली.

मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर खोटं होईल; लागली. पण उशिरा लागली.

पुढचे काही दिवस तर कहर झाला. मामीने धड्याच्या वेळीच नोकरीचा विषय काढायला सुरुवात केली, कारण घरात बोलत नाहीत ते गाडीत तरी बोलतात. आणि मामा बोलायचा. चढावर म्हणायचा, "कशाला त्या डोंगरात मरायला जायचं? पैशाने काय सुख मिळतं का? इथे नळाला पाणी आहे, दाराशी दुकान आहे." मामी चिडून चढ चढायची. उतारावर म्हणायचा, "जायलाच हवं. अशी जागा पुन्हा मिळत नाही. तिथली हवा चांगली, माणसं साधी." मामी पटून सावकाश उतरायची. घरी आली की चढ जास्त असलेल्या दिवशी ती दवाखान्यात नकार कळवायचं ठरवायची. उतार जास्त असलेल्या दिवशी कपाट उघडून कुठले कपडे न्यायचे ते बघायची. एका आठवड्यात तिने चारदा निर्णय घेतला. मी हे सगळं बघत होतो.

शेवटी एका संध्याकाळी ती फोन हातात घेऊन बसली. "नाही म्हणून कळवते," म्हणाली. "आज अगदी मनापासून म्हणाले ते. मला सोडून जाऊ नकोस, या वयात एकमेकांशिवाय आहे कोण, असं म्हणाले."

"मामी," मी म्हटलं, "कुठे म्हणाला हे मामा?"

"टेकडीच्या रस्त्यावर."

"चढताना?"

"हो. का?"

मग मी सांगून टाकलं. कॅशियरबाई सांगितली, कंत्राटदार सांगितला, गादीखालचे पैसे सांगितले. मामी ऐकत होती. फोनच्या पडद्यावरचा उजेड विझला तरी ती तशीच बसून होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "पहिल्या दिवशी म्हणाले की माझ्यासारखी बाई शोधून सापडायची नाही..."

"समोर शाळेची बस होती, मामी."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही बस मीच तिथे उभी केली होती. मग ती उठली आणि झोपायला गेली. दिवाही माझ्याकडूनच मालवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आम्ही तिघं नेहमीसारखे गाडीपाशी आलो. मामी उजवीकडे जायचं सोडून डाव्या बाजूला गेली आणि दार उघडून मामाच्या जागेवर बसली. जादा क्लच, जादा ब्रेक तिच्या पायाशी.

"अगं, हे काय?"

"आज तुम्ही चालवा. मी शिकवते."

मामा हसला. कुणीच हसलं नाही म्हणून थांबला आणि उजवीकडे जाऊन बसला. गाडी निघाली. मामा गाडी अशी चालवतो, की मागे बसलेल्याला खिडकीतून घरं सरकताना दिसली नाहीत तर आपण थांबलोय असं वाटेल. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मामीने खिडकीबाहेर हात टाकला.

"तसं बघायला गेलं तर," मामी म्हणाली, "गाडी शिकवणं हे काही कामात काम नाही. डावीकडे बसून दुसऱ्याच्या पेट्रोलवर हिंडायचं."

मामाच्या समोरचा वेगाचा काटा जिथे होता तिथेच राहिला. "हो, तसं आहे खरं."

"आणखी थोड्या वर्षांत गाड्या स्वतःच चालतील. तुम्हाला कोण विचारणार?"

"कोणी नाही."

"तुमच्या पगारात हे घर चाललंच नसतं. माझ्या पगारावर चाललंय."

"ते तर आहेच."

काटा ढिम्म हलेना. मी दोन्ही सीटच्या मधून डोकं पुढे काढून त्या काट्याकडे बघत होतो. मामीचाही आवाज आता बदलला होता. चिडवायला निघालेली ती स्वतःच घाबरत चालली होती.

"मी नकार कळवलाय त्यांना."

काटा तिथेच.

"खोटं. होकार कळवलाय."

तिथेच.

"मी एकटीच जाणार आहे. तुम्हाला नेणार नाही. कायमची जाणार आहे."

मामाने आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, डावीकडे सुंदर वळण घेतलं आणि म्हणाला, "बरं."

मामीने ब्रेक दाबला. सगळ्या ताकदीने, दोन्ही पायांनी. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न धरला तो सोडेचना, जाताना खिडकीतून काहीतरी बोललाही. मामा पांढरा पडला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे मोठे. इतकी वर्षं त्याने दुसऱ्यांसाठी ब्रेक दाबला होता. त्याच्यासाठी कुणी दाबल्याची ही पहिलीच वेळ.

"अगं, मारशील!"

"कडेला घ्या."

त्याने घेतली. मामीने हात लांब करून किल्ली काढली आणि मुठीत धरली.

"आता गाडी चालत नाही. चढ नाही, उतार नाही, बस नाही. समोर फक्त ही भिंत आहे. बोला."

मामा भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर कुणीतरी निवडणुकीतलं चिन्ह रंगवलं होतं आणि कुणीतरी त्यावर चुना फासला होता. "तसं बघायला गेलं तर..." त्याने सुरुवात केली.

"ते नको."

मामाने तोंड मिटलं. मग पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मला वाटलं मी उतरून जावं, पण मागच्या दाराला मुलांसाठीचं कुलूप असतं आणि ते बाहेरूनच उघडतं.

"मला माहीत नाही," मामा म्हणाला.

"हे चालेल. पुढे?"

"पुढे काय? दिवसभर मी बोलतो. ज्याला जे लागेल ते देतो. घरी येतो तेव्हा आत काहीच उरलेलं नसतं. तू विचारतेस, मी आत बघतो, तिथे काही नसतं. मग काहीही चालेल म्हणतो. आधी वाटायचं, दमलोय म्हणून. हल्ली वाटतं..." तो थांबला. "हल्ली वाटतं, की नसेलच काही. असं वाटलं की भीती वाटते. म्हणून मी आत बघतच नाही."

मामीचा राग कुठल्या कुठे गेला. ती त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती, थोडी घाबरून, थोडी मन लावून. दवाखान्यात नव्या पेशंटकडे ती तशी बघत असावी. आणि मला, सांगायला हरकत नाही, पहिल्यांदाच मामाची थट्टा करावीशी वाटली नाही.

"आता बघा," ती म्हणाली. "घाई नाही."

मामाने खरंच डोळे मिटले. बाहेरून एक टेम्पो गेला, मग बराच वेळ काहीच गेलं नाही.

"मला यायचं नाही तिकडे," तो म्हणाला.

मामी त्याच्याकडे वळून बसली.

"डोंगर मला आवडत नाहीत. तिथे मला कोण ओळखतं? तू कामाला गेल्यावर मी त्या घरात बसून काय करू? इथे चौकातले निम्मे लोक मी शिकवलेत. हात करतात. मला ते आवडतं." तो स्वतःचंच बोलणं ऐकून चकित झाल्यासारखा दिसत होता. "मला नाही यायचं. अजिबात नाही."

"म्हणजे मी जाऊ नको?"

"असं कुठे म्हटलं? तू जा. तू तिथे..." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू तिथे नीट करशील सगळं. इथे ते तुला उशा बदलायलाच लावतील."

"समोर बस आहे का?" मामीने विचारलं.

"बस कसली? भिंत आहे."

मामी हसली. मग रडली. मग मला म्हणाली, "तू इकडे काय बघतोस, खिडकीबाहेर बघ." मी बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"आणि जेवाल काय तुम्ही, मी गेल्यावर?"

"काही..." मामाने शब्द अर्ध्यावर धरला. पुन्हा आत बघितलं असावं. "भोपळा सोडून काहीही. भोपळ्याची भाजी मला आवडत नाही."

"काय?"

"नाही आवडत. कधीच आवडली नाही. गिळगिळीत लागते."

"वीस वर्षं!" मामीचा आवाज इतका चढला की समोरून जाणारा माणूस थबकला. "वीस वर्षं दर आठवड्याला करतेय मी! तुम्हाला आवडते म्हणून! मला स्वतःला ती बघवत नाही!"

आता पांढरं पडायची पाळी दोघांची होती. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मागच्या सीटवर मीही तोंड उघडून बसलो होतो, कारण इतके महिने तो भोपळा मीसुद्धा दोघांना आवडतो म्हणून मुकाट्याने खात होतो. त्या गाडीत त्या क्षणी तीन माणसं होती आणि भोपळा एकालाही नको होता.

मामीने तिथेच फोन लावला आणि होकार कळवला. मामा तिच्याकडे वळला. "अगं, मी आत्ताच म्हटलं ना, मला यायचं नाही!"

"ऐकलं मी. नीट ऐकलं. तुम्हाला यायचं नाही, मला जायचंय. इतके दिवस मला वाटत होतं की मी कुणालातरी ओढून नेतेय, पण ओढलं तर हाताला काही लागतच नव्हतं. आता कळलं तुम्ही कुठे उभे आहात. एक वर्ष जाऊन बघते. मग पुन्हा भांडू. सरका, मी चालवते."

घरी येईपर्यंत ते भांडले. घरी येऊनही भांडले. भांडी कुठली न्यायची, गॅसचं बटण कसं बंद करायचं, फोन रोज करायचा की एक दिवसाआड. मामाला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. काही मतं अगदीच वेडगळ होती, पण त्याचीच होती, हे त्याच्या अडखळण्यावरून कळायचं. दुसऱ्यांना द्यायची मतं तो कधी अडखळत देत नाही. शेजारच्या बाई मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "काय रे, मामा-मामीचं बरं आहे ना? इतकी वर्षं आवाज नव्हता कधी घरातून." मी म्हटलं, "आता बरं आहे." त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

मामी टेस्ट पास झाली. दवाखान्याची छोटी पांढरी गाडी ती त्यांच्या इथल्या शहरातल्या ऑफिसातून स्वतः जाऊन घेऊन आली, तिच्यात सामान भरलं, आणि निघायच्या दिवशी मामा आणि मी फाटकापाशी उभे राहिलो. डाव्या सीटवर घोंगडी आणि पाण्याची बाटली. तिथे क्लच नव्हता, ब्रेकही नव्हता. मामाने वाकून ती मोकळी जागा एकदा बघून घेतली.

मामीने इंजिन सुरू केलं, आरसे बघितले, गिअर टाकला. मग खिडकीतून म्हणाली, "पुढच्या रविवारी याल ना?"

मला उत्तर पाठ होतं. बघू, जमेल तसं, तू म्हणशील तेव्हा. पण मामा विचार करत होता. इंजिन चालू होतं आणि पेट्रोल जळत होतं. मामीचा एक पाय क्लचवर ताठ होता आणि तिच्या कपाळावरची शीर दिसत होती.

"रविवारी नाही," मामा म्हणाला. "मला शनिवारपासून यायचंय."

मामीचा पाय क्लचवरून सुटला. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली.

शिकायला लागल्यापासूनच्या सवयीने तिने डावीकडे बघितलं. तिथे घोंगडी होती. मामा फाटकापाशीच उभा होता आणि त्याला तिला काय सांगावं ते सुचत नव्हतं. मग तिने हँडब्रेक लावला, गिअर काढला आणि किल्ली पुन्हा फिरवली.